लेकीच्या लग्नाची वही

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. सांगली.

ओवाळणी झाली, जेवणे उरकली आणि माझे दोघे भाऊ अंगणात खुर्च्या टाकून यादी करायला बसले. लग्न फेब्रुवारीत करायचे एवढे नक्की आहे. मुलगा सोलापूरचा, तिथेच तंत्रनिकेतनात शिकवतो. आमची लेक पुण्याला बँकेत आहे. दोघांनी दोन्ही घरांना एकदमच सांगून टाकले आहे: दोन्हीकडून मिळून चार लाख, खर्च निम्मा-निम्मा, आणि कर्ज कुणी काढायचे नाही. त्यांनी सांगितले नसते तरी आमच्याजवळ दोनच आहेत. २०१९ च्या महापुरात ठेवी मोडल्या, त्या परत साठायच्या आत २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले.

दिवेलागणीपर्यंत यादी ४८० वर पोचली. थोरला म्हणाला, "ताई, सांगलीत पाचशेच्या खाली कुणाचं लग्न झालंय का?" मी काही बोलले नाही, पेन घेऊन गुणाकार केला. साधे बरे ताट साडेतीनशेच्या खाली मिळत नाही. ४८० ताटांचे १ लाख ६८ हजार झाले. शिवाय तेवढ्या माणसांना पुरेल असे कार्यालय, तेवढ्या खुर्च्या, पाण्याच्या तेवढ्या बाटल्या, तेवढ्या पत्रिका. फुलात काटकसर करा, फोटोवाला स्वस्तातला बघा, असे सल्ले महिनाभर ऐकते आहे. त्यातून दोन-पाच हजार सुटतात. यादीतून लाख सुटतो.

लेकीने फोनवरून एक नियम सुचवला. गेल्या पाच वर्षांत ज्यांच्या सुखदुःखाला आपण गेलो किंवा जे आपल्या सुखदुःखाला आले, त्यांना बोलवायचे. मला तो फार आवडला. यादी नव्याने सुरू केली, तर पहिले नाव पलीकडच्या आळीतल्या कुटुंबाचे आले. पुराच्या पाण्यात त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर ठेवून घेतले होते, आणि दुपारच्या यादीत ते नव्हतेच. रात्री आकडा १८० वर थांबला, दोन्हीकडचे धरून.

९ नोव्हेंबर, शनिवार

चार कार्यालये पाहिली. दोन तर लॉन्सच होते, हजार माणसांचे. आमची १८० माणसे तिथे विखुरलेली दिसतील आणि मग ती पोकळी भरायला सजावट घ्यावी लागेल. जागा माणसांच्या मापाची असली की सजावट निम्मी होते, हे आज डोळ्यांनी पाहिले. शेवटी एका जुन्या कार्यालयावर मन बसले. कौलारू छत, मधोमध लाकडी खांब, मागे विहीर, बाजूला फरशीचे लांबलचक भोजनगृह. दीड दिवसाचे ४५ हजार.

भाडे विचारून लोक परत फिरतात, खरे प्रश्न पुढेच असतात. वीज त्यात धरली आहे का? जनरेटरचे डिझेल कुणाचे? भांडी, गॅस, सफाई यांचे वेगळे किती? आचारी बाहेरचा आणला तर रॉयल्टी घेता का? जीएसटी धरून सांगितले की वगळून? दोन ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे धरली तर भाडे दीडपट होत होते. इथे मालकांनी सगळे एका कागदावर लिहून दिले.

तारीख १३ फेब्रुवारी, गुरुवार. पंचांगातल्या ठळक मुहूर्तांना आणि रविवारी इथलाच दर बराच वर आहे. आमच्या गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला, सकाळी ११ वाजून काही मिनिटांचा. नोकरदारांना रजा काढावी लागेल, हे खरे. पण ज्यांना बोलावले आहे ते रजा काढतील, अशीच यादी केली आहे.

निवडणुकीची आचारसंहिता आहे. पन्नास हजारांवर रोकड जवळ असली तर कागदपत्रे दाखवावी लागतात. ह्यांनी सगळी रक्कम चेकने दिली आणि पावती वहीत चिकटवली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल तुळशीचे लग्न लावले. कुंडीला गेरू, उसाची खोपटी, चिंचा-आवळे, मध्ये अंतरपाट म्हणून माझ्या सासूबाईंचा जुना शेला. आळीतली मुले अक्षता घेऊन उभी, आणि मंगलाष्टके म्हणायला आजूबाजूच्या चौघीजणी. सगळे मिळून शंभर-सव्वाशे रुपये. तरी त्यात कसली उणीव वाटली नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण सगळ्यांना दिसला, प्रत्येक शब्द ऐकू आला.

गेल्या दोन-तीन वर्षांत जी लग्ने पाहिली त्यातल्या बहुतेकांत मंगलाष्टके कुणी ऐकली नाहीत. स्टेजवर कॅमेऱ्यांची भिंत, खाली गप्पा, आणि "सावधान" म्हटले की मागून उधळलेले तांदूळ. मला या लग्नात हे हवे आहे: प्रत्येकाला दिसावे आणि ऐकू यावे. त्याला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो आणि माणसे बेताची लागतात.

अक्षता उधळायच्या नाहीत हेही ठरवले. गुरुजींच्या हातात चिमूटभर, बाकी सगळ्यांच्या हाती शेवंतीच्या पाकळ्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

व्याही-विहीणबाई सोलापूरहून आले होते. निकालाच्या गप्पा झाल्या, मग मानपानाचा विषय निघाला. मला याचीच धास्ती होती. विहीणबाईंनीच वाट मोकळी केली. म्हणाल्या, "ताई, माझ्या कपाटात मानाच्या तीस साड्या आहेत. एक नेसत नाही मी. त्याच पुढे फिरवते." माझ्या कपाटातही तसाच गठ्ठा आहे. दोघींनी ठरवले, साड्यांची देवाणघेवाण बंद. दोन्ही घरच्या आज्यांना एकेक इरकल, थोरांना नारळ आणि उपरणे, करवल्यांना गजरे. पत्रिकेत आहेर आणू नये असे स्पष्ट छापायचे. बारा हजारांत मानपान बसते आहे.

हुंड्याचा प्रश्नच नव्हता. तो १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे आणि या माणसांच्या मनातही नाही. पण "रीतभात" म्हणून मागच्या दाराने पुष्कळ काही येते: जावयाची अंगठी, घड्याळ, सूट, संसाराची भांडी, फ्रीज. विहीणबाईंनी प्रत्येकाला नाव घेऊन नाही म्हटले. समोर बसून, एकेका गोष्टीवर बोलून घेणे बरे. मोघम "तुमची इच्छा" म्हटले की दोन्हीकडचे लोक घाबरून जास्तच करतात.

व्याह्यांचे वडील सत्यशोधक चळवळीत वावरलेले. ते म्हणाले, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. भटजी नाही, खर्च हार आणि पानसुपारीपुरता. मंगलाष्टके फुल्यांनी स्वतः रचली, वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची अशी. कमी खर्चाचे लग्न म्हणजे गरिबीचा नाइलाज नव्हे, महाराष्ट्रात त्यामागे दीडशे वर्षांचा विचार उभा आहे. हे ऐकून ह्यांची मान जरा ताठ झाली. आम्ही विधी ठेवतो आहोत, पण आजोबांच्या आग्रहाने एक गोष्ट घेतली: सप्तपदीच्या प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायचा आणि दोघांनी आपले वचन आपल्या तोंडाने म्हणायचे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या स्त्री-पुरोहितांनी लावलेले एक लग्न लेकीने पाहिले होते, तिथेही अर्थ सांगत विधी झाला होता. आमचे गुरुजी आनंदाने तयार झाले.

८ डिसेंबर, रविवार

सासूबाईंनी आपली पैठणी ट्रंकेतून काढली. नऊवार, गडद जांभळी, काठ नारळी, पदरावर मोर. साठ वर्षांची. मलमलच्या धडप्यात गुंडाळलेली होती म्हणून जर काळी पडली तरी तुटली नाही. घडी मात्र जिथे सतत एकाच ठिकाणी पडली, तिथे रेशीम उभे चिरले आहे. चार चिरा, वीतभर लांब.

रफूवाल्याकडे नेली. त्याने साडी उजेडात धरली, पाठीमागून बोट फिरवले आणि सांगितले, काठ आणि पदर ठणठणीत आहेत, अंगातले रेशीम थकले आहे. नऊवार म्हणून नेसली तर काष्ट्याच्या ताणाला टिकणार नाही. त्याने सुचवलेला मार्ग मला पटला. चिरा आहेत तो भाग काढायचा, उरलेल्याची सहावार करायची, आणि आतून त्याच रंगाचे मऊ सुती अस्तर टाचायचे. काढलेल्या तुकड्यातले चांगले कापड पोलक्याला. मी सासूबाईंकडे पाहिले. नऊवारीला कात्री लावायची म्हणजे… त्या म्हणाल्या, "ट्रंकेत ठेवून काय तिची पूजा करायची आहे? तिच्या अंगावर दिसू दे मला." रफूचे आणि अस्तराचे मिळून साडेतीन हजार.

दुकानात याच्या जवळपास जाणारी हातमागाची येवल्याची पैठणी पंचवीस-तीस हजारांच्या पुढे होती. स्वस्तात दिसतात त्या यंत्रावरच्या. त्या उलट बाजूने पाहिल्या की पदरामागे सुटे धागे लोंबतात. हातमागाच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी नितळ असते. लग्न लागताना मामाकडची पिवळी अष्टपुत्री, नंतर ही पैठणी. स्वागत समारंभच नाही, त्यामुळे तिसऱ्या कपड्यांचा प्रश्न आला नाही. जावयांना धोतर आणि साधा रेशमी कुर्ता, जो नंतरही घालता येईल.

२१ डिसेंबर, शनिवार

सराफ कट्टा. तोळ्याचा भाव पाऊण लाखाच्या पुढे. माझ्या दोन पाटल्या मोडल्या. मोड देताना वजन आपल्यासमोर करून घ्यावे, आटवल्यावर किती घट येते तेही समोरच पाहावे. पाटल्यांतून मंगळसूत्र आणि दोन बारीक बांगड्या झाल्या. मजुरी आणि वर लागलेले सोने मिळून ७० हजार रोख गेले. मजुरीवर घासाघीस होते, भावावर होत नाही, म्हणून नक्षी साधी निवडली. दोन वाट्या, काळी पोत, मध्ये चार मणी. लेक रोज बँकेत घालून जाईल असे. प्रत्येक नगावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहून घेतला, फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून ताडूनही पाहिला.

५ जानेवारी २०२५, रविवार

आजचा दिवस आचाऱ्यांचा. इथे मात्र मी हात आखडणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरवले होते. पाहुणा घरी जाऊन फुलांचे बोलत नाही, जेवणाचे बोलतो.

बुफे नको, बैठी पंगत. आचाऱ्यांना आनंद झाला. म्हणाले, हल्ली पंगत वाढायला माणसेच मागत नाहीत. बुफेमध्ये पंधरा-वीस पदार्थ मांडावे लागतात, कारण टेबल भरलेले दिसावे लागते. चायनीज, पंजाबी, चाट, आणि खाणारा मसालेभात शोधत फिरतो. पंगतीत मोजके पदार्थ, पण गरम आणि आग्रहाने. ताट साडेतीनशेचेच ठेवले, वाढप्यांसह. १८० पानांचे ६३ हजार. फरक एवढाच की या पैशांत आता तूप साजूक आहे.

बेत: वरण-भात, मटार-तोंडलीचा मसालेभात, बटाट्याची पिवळी भाजी, अळूचे फतफते, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, ओल्या नारळाची चटणी, पुरी, कुरडई-पापड, जिलेबी, मठ्ठा. फेब्रुवारीत मटार स्वस्त आणि गोड असतो, म्हणून तो. पनीर कुठेच नाही. आचाऱ्यांनी बोटांवर हिशेब सांगितला: मसालेभाताचा तांदूळ बारा किलो, साध्या भाताला आंबेमोहोर आठ, जिलेबी अठरा किलो. कुरडया माझ्या बहिणीने उन्हाळ्यात घातलेल्या आहेत, त्या ती देणार.

वाढप्यांना पान कसे वाढायचे ते मी स्वतः सांगणार आहे. केळीचे पान, निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. भाताची मूद मध्ये, वर वरण, त्यावर तूप, आणि तूप वाढल्याखेरीज कुणी सुरुवात करायची नाही. दोन पंगती, नव्वद-नव्वदची. पानाभोवती रांगोळीच्या महिरपी माझ्या भाच्या काढणार.

आदल्या दिवशीची हळद, रात्रीचे पिठले-भात-भाकरी आणि सकाळचा नाश्ता साठ माणसांना, २२ हजार.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पत्रिका आल्या. साठच छापल्या, एका पानाच्या, जाड कागदावर, काळ्या शाईत. अक्षर लेकीच्या मैत्रिणीचे. तिने हाताने लिहिले आणि तेच छापून घेतले. चार हजारांच्या आत. पहिली गणपती मंदिरात ठेवली. थोरांच्या घरी जाऊन हळद-कुंकू लावून देतो आहोत, बाकीच्यांना फोन. निरोप नुसता पाठवून सोडायचा नाही, प्रत्येकाशी बोलायचे. एवढी माणसे कमी केल्यावर प्रत्येकाशी बोलणे जमते.

यादीत जे नाहीत त्यांतल्या दोघांनी वाटेत अडवून विचारले. मी खरे ते सांगितले: घरगुती करतो आहोत, लग्नानंतर दोघांना घेऊन तुमच्याकडे येईन. एक जण रागावले आहेत. ते मी सोसेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

फूलवाल्याने वेळीच सावध केले. "वहिनी, तेराला गुलाब मागू नका. चौदाचा व्हॅलेंटाइन आहे, भाव तिप्पट होणार." मला ही गोष्ट सुचलीच नसती. गुलाब संपूर्ण रद्द. हार निशिगंधाचे, मधे शेवंतीचे गेंद. खांबांना झेंडू आणि आंब्याचे टाळे. दाराशी केळीचे खांब, ते मामांच्या शेतातून. प्लास्टिकची फुले आणि थर्माकोल नाही. स्टेजच्या मागे काही नाही, नुसती पांढरी भिंत आणि दोन्ही बाजूंना समया. आळीतून आणि नात्यातून अकरा समया गोळा झाल्या आहेत, प्रत्येकीला खाली नावाची चिठ्ठी. अंतरपाटावर माझी जाऊ लाल रेशमाने कुंकवाचे स्वस्तिक भरते आहे. फुले, मांडव, सगळे मिळून २२ हजार.

वऱ्हाडासाठी व्याह्यांनी एसटी प्रासंगिक कराराने ठरवली आहे. खाजगी ट्रॅव्हल्सपेक्षा स्वस्त पडली. जानवसा शेजाऱ्यांच्या रिकाम्या मजल्यावर. वऱ्हाड उतरताच चहा आणि सांगलीचे भडंग, त्याला कुणाची हरकत नसावी. हळदीसाठी पेठेतून राजापुरी हळकुंडे आणून दळली. सांगलीच्या मुलीला पुडीतली हळद लावायची नाही. जाताना प्रत्येक घराला तासगावच्या बेदाण्यांची छोटी पुरचुंडी.

डीजे नाही. सनई-चौघडा, तीन कलावंत, सकाळी नऊपासून पंगत उठेपर्यंत. फोटोवाला एकच, त्याला ड्रोन आणि प्री-वेडिंग नको म्हटले. मंगलाष्टकांच्या वेळी त्याने बाजूलाच उभे राहायचे, मध्ये यायचे नाही. हे मी करारात लिहून घेतले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घाणा भरला. जात्यावर हळद, उखळात मुसळ. घर भरले आहे. लिहायला वेळ नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लेक गेली.

अंतरपाट दूर झाला तेव्हा एक आवाज नव्हता. शेवटच्या रांगेतल्या आजींनीही दोघांचे चेहरे पाहिले. सप्तपदीला गुरुजींनी प्रत्येक पावलाचा अर्थ सांगितला. पाचव्या पावलाला जावयांचा आवाज भरून आला आणि लेकीने तिचे वाक्य आधी म्हणून त्यांना वेळ दिला. पाकळ्या पडल्या त्या वधूवरांवरच पडल्या. पंगतीत आमच्या व्याह्यांनी जिलेबीचा आग्रह स्वतः फिरून केला. आचाऱ्यांनी शेवटी मला पातेली दाखवली: मसालेभात घमेलेभर उरला, तो कार्यालयाच्या माणसांनी आणि वाढप्यांनी जेवणात घेतला. पानात टाकलेले जवळजवळ काही नव्हते.

पैठणी पाहून सासूबाई काही बोलल्या नाहीत. झाल झाली, निघायच्या आधी लेकीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी फक्त पदराचा मोर हाताने सारखा केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

समया परत केल्या. दोघांना घेऊन रागावलेल्या मंडळींकडे जाऊन आले. जेवूनच सोडले त्यांनी.

हिशेब पुरा झाला. खर्च ३ लाख ८७ हजार. कार्यालय, आचारी, फूलवाला, सनईवाले, एसटी, सगळ्यांचे देऊन झाले; देणे कुणाचे नाही. सर्वांत मोठा आकडा जेवणाचा, त्याखालोखाल सोने. उरलेले १३ हजार दोघांच्या जोडखात्यात भरले. विवाह नोंदणी महापालिकेत करायची आहे. तीन साक्षीदार ठरले आहेत: माझा थोरला भाऊ, विहीणबाई, आणि पलीकडच्या आळीतले ते शेजारी.

वही थोरल्या भावाने मागितली आहे. त्याच्या मुलीचे पुढच्या वर्षी आहे. उद्या देते.